सव्वासहाचा वर्ग

दुकान वडिलांचं. मासळीचं.
पांढऱ्या टाइल्स तशाच ठेवल्या, फोडायला पैसे कुठं होते,
आणि भिंतीवरचे अकरा हुक,
ज्यांना धुरावलेल्या हॅडकच्या जोड्या
शेपटीला शेपटी बांधून टांगलेल्या असत,
त्यांना आता ओले कोट लागतात.
हवा दमट असली की अजून वास येतो.
पहिल्या वर्षी मी लिंबाचं तेल जाळायची.
मग सोडून दिलं.
इथल्या नाकांना तोच वास घरचा.

आर्ब्रोथ. नोव्हेंबर. चारच्या आतच अंधार.
पावणेसहाला हीटर लावते आणि दाराशी बसते.
यायचं कोणी, ते वारा ठरवतो.

सेनगा बस चालवते, कंबर गेलेली,
गणवेशाचा टायही न सोडता आडवी होते.
युराते कोळंबीच्या कारखान्यातून थेट,
बोटं अशी गारठलेली की नमस्कार करताना
एक हात दुसऱ्याला ओळखत नाही.
डूगल केर्ड, वय एकोणऐंशी,
पायाचा अंगठा धरत नाही, दुरून हाक मारतो,
काय रे, आहेस ना अजून तिथं?

फी बरणीत. बिटाच्या लोणच्याची बरणी, दाराआड,
मुद्दाम माझी पाठ असते तिकडे.
कधी नोटा, कधी नुसता खुळखुळाट,
एकदा वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन किपर.
विजेच्या कंपनीला किपर चालत नाहीत.
मी खाल्ले.

नावांचं म्हणाल तर माझी जीभ इथलीच,
वृक्षासन म्हणताना
तो अख्खा वृक्ष तोंडात आडवा येतो.
आणि नौकासन मी शिकवतच नाही.
इथं बोटीत हौसेनं कोण बसतं?

मार्चमध्ये एफी स्वँकी आली.
तासाच्या शेवटी विचारलं,
हे नुसतं पडून राहायचं, त्याला काय म्हणतात?
मी पाठ केलेलं सांगितलं. शवासन.
शव म्हणजे प्रेत.
तिनं मोजे चढवले, हुकावरचा कोट काढला, गेली.

सेनगा म्हणाली, तुला ठाऊक नव्हतं?
अकरा वर्षं झाली. बोट सापडली.
तो नाही.

ठाऊक होतं की.
सबंध गावाला ठाऊक असतं ते मलाही असणारच,
पण पाठांतर एकदा सुरू झालं
की समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

त्या रात्री फळ्यावरचा शब्द पुसला.
लिहिलं, ओहोटी.
सहा आठवडे आम्ही ओहोटीत पडत राहिलो.
बरं वाटायचं. जरासं खोटंही.

मे महिन्यात, उजेड लांबलेला असताना, ती परत आली.
फळा वाचला. बाहीनंच पुसला.
खरा शब्द लिही, म्हणाली.
त्याला कुणी पाठीवर सरळ निजवलं नाही,
पापण्या मिटल्या नाहीत.
मी निजते.

आणि निजली. तळवे वर.
टाचा सुटू दे, मी म्हणाले, जबडा सैल,
पुढचं वाक्य रोज तोंडात असतं, ते आलंच नाही.
हीटर खटखटला.
डूगल घोरायला लागला
आणि आज कुणी त्याला कोपर मारलं नाही.

दहा मिनिटांनी घंटी वाजवायची असते.
मी वाजवली नाही.
आठची बस सुटली नाही वेळेवर,
तिची चालकीण माझ्या फरशीवर होती.
थांब्यावर माणसं उभी राहिली असतील,
घड्याळं बघत,
काय झालं असेल, म्हणत.

सगळे गेल्यावर चटया पुसल्या.
शेवटच्या हुकाला एफीचा कोट राहिलेला,
पुरुषी, लोकरीचा, खांद्यात फार मोठा.
मार्चमध्ये माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
खिसे जड होते. पाहिले नाहीत.
हीटर अजून थोडा वेळ चालू ठेवला.