नियम क्रमांक चौदा

रेक्सॅमच्या शाळेत, जेवणाच्या हॉलमध्ये
शनिवारी सकाळी मी नियम वाचून दाखवते.
भिंतींना अजून कालच्या चिप्सचा, व्हिनेगरचा वास.

तिघांत एकच कीबोर्ड.
फोन त्या बिस्किटांच्या डब्यात.
छापील पुस्तक चालेल, कितीही जाड.
चुकीच्या उत्तराला वीस मिनिटांचा दंड,
रडण्याला नाही; हे मी आयत्या वेळी घातलं.
आणि चौदावा: परीक्षकाचा निर्णय अंतिम.

दीड तासाने नेस्टा प्रिचर्ड हात वर करते.
नववीतली, बाहीच्या टोकाला शाई.
"मिस, मेंढ्या शून्य असल्या तर?"

प्रश्न मीच रचलेला, तीन रात्री जागून:
मेंढ्या मोजा, कुंपणं किती लागतील सांगा.
एक मेंढी तपासली, लाखभर तपासल्या.
रिकामं कुरण
मला सुचलंच नव्हतं.

हॉलभर बोटं थांबलेली.
भिंतीवरचा कागद माझ्याच अक्षरातला.
मी जाते, पेन काढते,
'अंतिम'च्या आधी बारीक लिहिते:
बहुधा.

कुणी वाचत नाही.
नेस्टा केव्हाच जागेवर,
कीबोर्ड ओढून घेत शेजारच्याला म्हणतेय,
सरक, आता माझी पाळी.