बाराशे तास

पहिल्या दिवशी बार्बनं एक वही दिली,
म्हणाली, मिनिटं लिहीत जा. तास आपोआप होतात.
बाराशे झाले की तुला सोडू.

मी अडतीस वर्षांची. वाटा दोनच होत्या:
एक तीन वर्षांची, थेट शाळेच्या दारात नेणारी,
दुसरी सहा वर्षांची, जिच्या टोकाला डॉक्टर म्हणवून घेता येतं.
बोटांवर मोजलं आणि जवळची धरली.
सांगलीहून काकूचा फोन:
"म्हणजे वेड्यांची का गं?"
नाही काकू, शाळेतल्या मुलांची.
"मग बाईच म्हण की."
बाई मी आधी होतेच. तेच तर विसरायला शिकतेय.

ईरीत नोव्हेंबर लागला की सरोवर आभाळात जाऊन बसतं
आणि एप्रिलपर्यंत शाळेच्या पायऱ्यांवर उतरत राहतं.
माझी खोली बॉयलरशेजारी. पूर्वी इथे नकाशे ठेवत.
खुंटीला अजून एक देश गुंडाळून टांगलेला आहे,
कोणता, ते मी उलगडून पाहिलेलं नाही.

वाक्यं छापलीत तशीच वाचायची.
बरोबर म्हणायचं नाही. चूकही नाही.
"मन लावून करतोयस", एवढं चालतं.
पहिल्याच महिन्यात तोंडून निसटलं, शाब्बास.
बार्बनं चित्रफीत तिथेच थांबवली:
हा कुठला शब्द?
खोकला, मी म्हटलं.
तिनं तरीही एक चूक मांडली.

आज दिवस राई. तिसरीतला.
वर्गात त्याला डिवास म्हणतात.
मी दिवस म्हटलं, तर त्यानं वळून
दारात आणखी कोणी आलंय का पाहिलं.

आधी वजाबाकी: आजच्या तारखेतून जन्मतारीख.
शिकाऊ इथेच घसरतात, बार्ब म्हणते,
महिने चुकले की तक्ता बदलतो,
तक्ता बदलला की मूल.
फायलीत, एक जानेवारी.
आईची, एक जानेवारी.
थोरल्या भावाचीही.
छावणीतल्या कुणा कारकुनानं जेवणाच्या सुट्टीआधी
अख्खी रांग एकाच दिवशी जन्माला घातली.
माझी वजाबाकी बरोबर आली:
आठ वर्षं, दहा महिने.

आता आकडे उलटे सांग, मी इंग्रजीत म्हणते.
त्याचे ओठ हलतात. आवाज नाही, पण मला वाचता येतं:
सात, तीन, चार.
माझेच आकडे, त्याच्या घरचे.
मग तो ते उलटवतो, मग इंग्रजीत आणतो,
घड्याळ तोवर पुढे गेलेलं.
मीही तेरा वर्षं दुकानात सुटे पैसे असेच मोजते, ओठ मिटून.
या एका जादा पायरीला तक्त्यात रकाना नाही.

"बरोबर होतं?" तो विचारतो.
मन लावून करतोयस.
तो माझ्याकडे बघत राहतो,
मग ठोकळे स्वतःच डब्यात भरतो,
लाल बाजू वर, एकही तिरका नाही.

गुरुवारी आई आली, प्लास्टिकच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून.
दुभाषी फोनवर, पिट्सबर्गहून, मध्येच खरखर.
मी विचारलं, याच्या वेळी शेतात काय होतं?
"मकै," ती म्हणाली. "असार."
दुभाष्यानं श्वास घेण्याआधी
मी लिहून टाकलं होतं: मका. आषाढ.
मग जून किंवा जुलै, फोन म्हणाला.

पुन्हा वजाबाकी. आठ वर्षं, चार महिने.
तक्ता बदलला. आकडा वर सरकला,
फार नाही, पण रेषेच्या अलीकडून पलीकडे.

बार्बनं अहवाल दोनदा वाचला.
कागदावर एक जानेवारीच राहणार, म्हणाली,
तू दोन्ही तक्ते लाव.
आणि जाता जाता, दाराशी:
मका कसा सुचला तुला?

वहीत लिहिलं:
पालकांशी बोलणं, पंचवीस मिनिटं.
उरले नऊशे एकतीस तास.