मापासाठी अंगठा

पाचशे बारा फोटो पाहिले, एकही जुळत नाही.
रात्रीचे साडेअकरा. भादव्याच्या उन्हानं
चोपड्यातल्या भिंती अजून तापलेल्या,
खाली केळीचा ट्रक भरतायत, घडावर घड,
आणि मी पडद्यावर पानांच्या कडा तपासत बसलोय:
दातेरी, अखंड, किंचित केसाळ.

फूल एका विद्यार्थिनीनं आणलं,
वैजापूरच्या अलीकडच्या नाल्यातून,
डब्याच्या झाकणात, ओल्या रुमालावर.
"सर, हाई काय शे?"
तासिका तत्त्वावरच्या माणसाला
"उद्या सांगतो" एवढंच म्हणता येतं.

फोटो कुणाचा कोकणातला, कुणाचा बस्तरातला,
कुणाचं नुसतंच हललेलं हिरवं, खाली लिहिलेलं: मदत करा.
एकानं तर वालाच्या वेलालाच हे नाव देऊन टाकलंय
आणि सात जणांनी होकार भरलाय.

मग पाचशे तेरावा.
तेच. मुगाच्या शेंगेएवढं, बुडाशी फुगलेलं,
टोकाला पाचही पाकळ्या एकत्र शिवलेल्या.
आणि शेजारी, मापासाठी, एक अंगठा.

नख मधोमध दुभंगलेलं. विळ्याचा जुना घाव.

फुलाला दोन तास लागले,
अंगठ्याला क्षणही लागला नाही.

जामसिंग. आमच्या प्रयोगशाळेतला शिपाई.
पाठीवर झाडं दाबायची फळी, खिशात फुटाणे,
सरांच्या दहा पावलं पुढे चालायचा
आणि अचानक वाकून थांबायचा.
"ह्याला आमच्यात..." म्हणत एक नाव घ्यायचा,
तेव्हा आम्ही लॅटिनचं स्पेलिंग गिरवत असायचो.

नोंदीत सगळं आहे.
तारीख, उंची, अक्षांश, रेखांश,
कॅमेरा कोणता, सरांचं नाव पदव्यांसकट.
स्थानिक नाव: उपलब्ध नाही.

फोटो मोठा करत जातो.
आधी फुलावरची लव दिसते,
मग नखातली माती,
मग नुसते चौकोन.

"दुरुस्ती सुचवा" असा एक रकाना आहे.
त्यात लिहिलं: जामसिंग दित्या पावरा.
उत्तर आलं, या नावाची प्रजाती सापडली नाही.

त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
मुलगा सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात,
बाराला त्याची पाळी सुटते.
बापाचे शब्द त्याच्याकडे कितीसे असतील?
आणि इतक्या रात्री विचारायचं काय,
तर एका वेलीचं नाव.

ट्रक निघाला. बारा वाजून चार मिनिटं.
रिंग जातेय.