पत्र्याची सुई

वीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवले,
आता व्हॅनच फाटली.
ड्रायव्हरच्या पायाखाली गंजाचं भोक,
त्यातून कळव्याचा रस्ता दिसतो
पळताना.

वागळे इस्टेटला लालजी गालांचं दुकान.
"मशीन कोणाला हवंय?"
मला, म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला.

रॉडवालं स्वस्त. एका हातात मावतं.
"पण गाडीचा पत्रा पातळ, बेन,
शिकेपर्यंत चाळण कराल."
एवढं मला कळतं.
शिफॉनला कोणी गोणपाटाची सुई लावत नाही.

मग तारेवालं. रिळावरची तार
दाबलं की आपोआप पुढे सरकते.
गॅसच्या बाटलीसकट हवं, की बाटलीशिवाय?
बाटली ठेवू कुठे?
कपाटात साड्यांचे फॉल, कपाटाखाली कांदे.
बिनबाटलीच्या तारेला धूर फार,
ठिणग्याही. पण दाराबाहेर
वाऱ्यावर चालेल म्हणाले.

घरच्या विजेचंही सांगितलं,
इस्त्री लावली की ट्यूब मान टाकते.
ते हसले नाहीत.
बिलाच्या पाठीवर अँपिअर मांडले,
एक आकडा खोडला,
आणि लहान मशीन पुढे सरकवलं.
हेल्मेट मात्र मी घासाघीस न करता घेतलं.

रात्री भंगारातल्या तुकड्यावर
पहिली शिवण घातली.
वाकडी, गाठीगाठींची,
दोन जागी आरपार.
शेजारची जुबेदा लांबूनच, डोळ्यांवर ओढणी धरून,
"उसवता येतं का गं हे?"

येतं. ग्राइंडर लागतो.
तो अजून घेतलेला नाही.