पाट्या

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले
आणि बाबा म्हणाले, चाल, फुटाळ्याले जाऊ.
काळा गॉगल, डोक्याला दुपट्टा,
खिशात थेंबांची बाटली.

तेलंगखेडीच्या बागेचं तिकीट
त्यांनी दोनदा उलटून पाहिलं.
तेव्हा मागच्या फाटकातून यायचे,
सायकलच्या हँडलला रंगाचे डबे अडकवून.

सत्त्याहत्तर सालचा उन्हाळा. एका पाटीचे सव्वा रुपये.
साहेब कागदावर नाव लिहून द्यायचे,
वर मराठी, खाली लॅटिन,
आणि दौलत खोब्रागडे, पेंटर, नववी नापास,
ते लॅटिन बघून बघून उतरवायचे,
जशी परक्या अंगणातली रांगोळी
अर्थ न विचारता, एक ठिपका न चुकवता.

धावडा. अंजन. बिब्बा.
मोहाच्या पाटीवर आता नुसता 'ह' आहे.
अर्जुनाने तर अर्धी पाटीच सालीत ओढून घेतलीय.
बाबा उरलेल्या अर्ध्या नावावरून बोट फिरवतात,
तोच चौकीदाराची शिट्टी :
काकाजी, झाडाले हात नाही लावायचा!
झाडाले कुठं लावला बाप्पा,
माह्याच अक्षराले लावला.

तलावाच्या काठी उकडलेले शिंगाडे घेतले.
मी सोलले, त्यांनी खाल्ले.
दगडी पायरीवर मान मागे टाकून थेंब घालून घेतले,
मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले,
एक पाटी राहिली पाहाची.

एका झाडाचं नाव साहेबांनाही येत नव्हतं.
चौकट मारून ठेव, म्हणाले, नाव मागाहून सांगतो.
मग त्यांची अमरावतीला बदली झाली.
पांढरी पाटी, निळी चौकट,
आत काही नाही.
तिचेही सव्वा रुपये मिळाले होते,
हे बाबा अजून थोडं चोरट्यासारखं सांगतात.

मला वाटलं, नसेलच ती आता.
होती.
आणि मधोमध कुणीतरी टोकदार कशानंतरी
कोरलं होतं : बंटी.
भोवती बदाम, एका बाजूला कलंडलेला.

मीच ओशाळले. चला म्हणाले, ऊन होतंय.
पण बाबांनी गॉगल कपाळावर सरकवला,
डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी,
आणि नव्या डोळ्याने जवळ जाऊन पाहिलं.
पाटी ठोकताना एक खिळा चुकला होता त्यांचा,
त्याचं भोक तसंच राहिलेलं.
बंटीने त्याच भोकाचा अनुस्वार केला होता,
नेमका ब-च्या डोक्यावर.

बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले,
पोट्ट्याले जागेची समज आहे.