दोन दंड

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यावर
पत्र्याची खोली आहे, एक पंखा, दोन कॉम्प्युटर.
तिथे बसून पगाराचा प्रोग्राम मी सांभाळते.
लिहिला श्रीहरी गज्जमने. तो आता पुण्याला,
फोन उचलतो, पण गाडी चालवताना.

श्रीहरीला थोडक्यात लिहायची हौस.
मी पाच ओळी लिहीन तिथे त्याचं एक प्रश्नचिन्ह,
प्रश्नचिन्हाच्या पोटात आणखी एक,
मग विसर्गासारखे दोन ठिपके,
ज्यांचा उच्चार मला कुणी शिकवला नाही.

आखूडपणाचा राग नाही मला.
आजोबांच्या पत्रात सा. न. वि. वि. असायचं.
चार अक्षरांत साष्टांग मावायचा,
कारण वाचणाऱ्याच्या पाठीला
ते वाकणं आधीच ठाऊक होतं.

वडील साखर पेठेत जेकार्डची कार्डं पाडायचे.
मोराच्या एका मानेला सव्वाशे पुठ्ठे,
भोक म्हणजे दोरा वर, भोक नाही म्हणजे खाली,
तिथे थोडक्यात काही चालायचं नाही.
तरी पुठ्ठ्याच्या कडेला ते पेन्सिलीने लिहीत:
इथून मान वळते.
मागाला वाचता येत नव्हतं ते.
मागासाठी नव्हतंच.

सात मेला नरसव्वा मादगुंडी जिना चढून आली.
खाली ती टॉवेलचे काठ शिवते.
पावती घडी घातलेली, तशीच. नोटा मोजून झालेल्या.
म्हणाली, एक दिवस कापलाय.
त्रेचाळीस डिग्रीचा एप्रिल, आणि एकही खाडा नाही माझा.
मी म्हटलं, मशीन चुकत नाही, मावशी.
हे मी म्हटलं. लिहून ठेवते.

ती गेल्यावर ओळ सापडली:

रजा = नोंद || १

दोन उभे दंड.
पोथीत असे आले की ओवी संपते,
वाचणारा श्वास घेतो, ऐकणारा कूस बदलतो.
इथे त्यांचा अर्थ, नाहीतर.
नोंद असेल तर नोंद, नाहीतर एक.
हजेरीचं कार्डच हरवलं तर एक दिवस धरा,
मालकाचा नियम, श्रीहरीने नीट पाळला.
पण यंत्राच्या लेखी शून्य म्हणजे नसणंच.
आणि नरसव्वाची नोंद शून्य होती.
कोरी नव्हे. शून्य.
सव्वीस दिवस रोज येऊन
तिने ते भरलं होतं.

एक खाडा केला त्याचा एकच कापला गेला, बरोबर.
दोन केले त्याचे दोन.
चुकली फक्त ती,
जी एकदाही चुकली नाही.

मागे मागे गेले. चौदा महिने, अकरा बायका.
जिना चढली एकच.

श्रीहरीला फोन लावला. हॉर्न ऐकू येत होते.
बराच वेळ नुसते हॉर्न.
मग म्हणाला, दंड काढ, दोन प्रश्नचिन्हं टाक,
एवढंच आहे.
खरंच एवढंच होतं. चाललंही असतं.

मी लिहिलं:

जर नोंद आलीच नसेल
    तर एक रजा धर.
जर नोंद शून्य असेल
    तर शून्यच ठेव.

आणि कडेला: ही रोज आली होती.

श्रीहरी हसेल. एका ओळीच्या जागी पाच.
पुढच्या येणाऱ्याला स्क्रीन खाली सरकवावी लागेल,
तेवढ्यात पंख्याचं एक पातं फिरून येईल.

शनिवारी थकलेले पैसे वाटले.
रजिस्टरात नरसव्वाने सहीच्या जागी
लिहिलं, न. मा.
मी म्हटलं, मावशी, पूर्ण नाव.
ती म्हणाली, तुला कळलं ना?

कळलं होतं.
तरी पेन मी तिच्यापुढेच धरून ठेवलं.