सोळा सेंटिमीटर

चरईत, पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर
हेगिष्टे भिंगं दुरुस्त करतात.
खाली दिवसभर गहू दळला जातो,
वर धुळीच्या एका कणासाठी
हा माणूस श्वास रोखून बसतो.
"जागा चुकली," म्हणतात, "पण भाडं जुनं आहे."

निळ्या फडक्यावर त्यांनी दोन भिंगं ठेवली.
पंचाहत्तरचं आखूड, जड, तुपाच्या लोटीसारखं.
नव्वदचं सडसडीत. कडेचा काळा रंग उडून
पितळ दिसू लागलेलं, आणि आत एका कोपऱ्यात
बुरशीचा धागा, भुवईच्या केसाएवढा.
"फोटोत येत नाही तो.
पण तुम्हाला माहीत राहील."

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
मी मायक्रोमीटर धरून बसलो.
पास. रिजेक्ट. रीवर्क.
माझं टेबल होतं तिथे आता काचेची इमारत आहे
आणि फंडाच्या पैशांवर बसून मी
पंधरा मिलिमीटरच्या फरकापायी झोप घालवतो.

आधारकार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली त्यांनी
आणि दोन्ही दिली, रविवारपुरती.

तलावपाळीला सकाळी सातला.
माहीत नसेल तर सांगतो, रेंजफाइंडर
भिंगातून बघत नाही,
शेजारच्या खिडकीतून बघतो,
आणि त्या खिडकीत एक उजळ चौकट तरंगत असते:
एवढं घेणार, बाकीचं नुसतं बघून ठेव.
नव्वदची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी.
तिच्यात कठड्याला टेकलेला मुलगा,
तिच्याबाहेर त्याला हाका मारणारा बाप,
चहाची किटली, चौकटीकडे निघालेलं कुत्रं,
सगळं दिसतं. पोचायच्या आधी दिसतं.
पंचाहत्तरचे नुसते चार तुटक कोपरे,
कुणी खडूने आखायला बसलं
आणि अर्ध्यातून उठून गेलं, तसे.

दुपारी घरी, कोलबाडला.
जेवणाच्या टेबलाशी हेमांगी शब्दकोडं सोडवत होती,
चष्मा कपाळावर, पेन्सिल दातांत.
मी टेप लावली: माझ्या डोळ्यापासून तिच्या डोळ्यापर्यंत
चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.
"शिवायला टाकणारेस का मला?"

नव्वद एक मीटरच्या आत येत नाही.
मधल्या पिवळट ठिपक्यात
माणसाच्या दोन आकृती असतात,
रिंग फिरवत एकीवर दुसरी आणायची.
रिंग संपली, आकृती जुळेनात.
दोन हेमांगी, जराशा सरकलेल्या,
दोघीही चार अक्षरी नदी शोधतायत.
मी खुर्ची मागे घेतली.
"कुठे निघालास?"
"कुठे नाही. मागे."

मग पंचाहत्तर लावलं.
चटकन जुळली. एकच.
हनुवटीवरचा कांजिण्यांचा व्रण,
डाव्या पापणीखालची नस,
जी मी पाहिली नव्हती, किंवा पाहून
केव्हातरी पास करून टाकली होती.
तिने वर बघितलं, थेट,
आणि मला बटण दाबता आलं नाही.

सोमवारी हेगिष्ट्यांना मी किमतीचं कारण सांगितलं.
ते खोटंही नव्हतं: बेचाळीस हजार आणि एकोणीस.
त्यांनी नव्वद वर्तमानपत्रात गुंडाळलं,
सिलिका जेलच्या दोन पुड्या फुकट दिल्या,
आणि जिना उतरताना माझ्या बाह्यांवर
गिरणीचं पीठ बसलं.

तेव्हापासून माझी खुर्ची
सोळा सेंटिमीटर मागे असते.
फरशीवर पेन्सिलची खूण आहे.
चहाच्या कपाला हात लांब करावा लागतो,
मीठ मागून घ्यावं लागतं,
आणि मागितलं की ती देते, न बघता.

काल संध्याकाळी उजेड बरा होता.
कॅमेरा डोळ्याला लावला, रिंग शेवटपर्यंत फिरवली.
जुळेना.
माझी खुर्ची खुणेवरच होती. तपासली.
तिची होती पुढे ओढलेली,
पोट टेबलाला टेकेल इतकी,
आणि ती कोड्यात मान घालून
आडवा सातवा शब्द लिहीत होती.

खिडकीत पुन्हा दोन हेमांगी.
रोलमध्ये अजून अकरा फोटो आहेत.